बळदातलं घुबड आणि पाटाचं पाणी

प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या बाईला खेड्यातून फोन येतो तो सहसा सापासाठी. घरात नाग निघालाय, सर्पमित्राचा नंबर द्या, एवढंच काम असतं. गेल्या माघात माण तालुक्यातल्या एका गावच्या सरपंचांचा फोन आला तो मात्र घुबडासाठी. आमच्या कॉलेजातली एक मुलगी त्याच गावची, तिनं माझा नंबर दिला होता.

"मॅडम, गावातल्या पडक्या वाड्यात घुबड बसलंय. रातभर किंचाळतंय नुसतं. बाया म्हणत्यात, दोन मयती झाल्या त्या त्याच्यामुळंच. पोरं दगडं घिऊन निघाली हुती, मी थांबवलंय. तुम्ही येऊन काय ते बघा." आणि फोन ठेवता ठेवता सहज म्हणाले, "आन् घुशीवर कायतरी औषध असलं तर आणा. उसाचं पार वाटोळं केलंय त्यांनी."

त्यांच्या लेखी ही दोन वेगळी गाऱ्हाणी होती. मला ओढ लागली ती दुसऱ्याची. गावातल्या गटारीत, किराणा दुकानाच्या मागं घुशी असतील, त्यात नवल नाही. पण माणच्या रानात, ऊस पाडण्याइतक्या? मी शिकत होते तेव्हा या पट्ट्यातले रानउंदीर म्हणजे जर्बिल आणि मऊ केसांचा उंदीर, असं पाठ असायचं. आणि ऊस तर नव्हताच.

शनिवारी चार-पाच पोरंपोरी, प्रयोगशाळेतले मामा आणि एनॅमलच्या थाळ्यांचं गाठोडं घेऊन निघाले. साताऱ्याहून पंढरपूरच्या रस्त्यानं. हा रस्ता मी दरवर्षी विद्यार्थ्यांना मुद्दाम दाखवते, कारण आमचा जिल्हा म्हणजे पावसाचा एक उतार आहे. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी ५,५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. तिथून वीसएक किलोमीटरवर पाचगणीला तो निम्म्याहूनही कमी. साताऱ्यात हजाराच्या आगेमागे. आणि माणात जेमतेम ५००, तोही बेभरवशाचा. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्री चढताना थंड होतात आणि तिथंच रिते होतात. घाट उतरून पूर्वेला येणारी हवा तापत, कोरडी होत जाते. माणात आषाढाचे ढग नुसते डोक्यावरून पळतात. खरा पाऊस परतीचा, सप्टेंबरातला, आला तर.

वर्धनगडचा घाट ओलांडला की झाडं बुटकी होतात, पानं बारीक होतात. आंबा-फणस मागं राहतो. हिवर, बाभूळ, बोर, तरवड पुढं येतात. जमिनीत मुरूम वर येतो. आणि ज्या जमिनीवर जे उगवतं त्यावर कोण जगणार हे ठरतं. कोयना-चांदोलीच्या बाजूला गवा, भेकर, पिसोरी, शेकरू, रानकुत्री. शेकरूला झाडाला झाड लागून असलेलं जंगल लागतं, खाली उतरावं लागलं तर त्याचं कठीण. पूर्वेला लांडगा, खोकड, तरस, ससा, चुकूनमाकून चिंकारा. यांना लांबवरचं दिसायला हवं, पळायला जागा हवी. लांडग्याला दाट जंगलात काही सुचणार नाही.

उंदरांचंही तसंच आहे. आमच्या जिल्ह्याच्या नावाचा एक उंदीर आहे, रॅटस सताराए. मार्टिन हिंटन यांनी १९१८ मध्ये साताऱ्याच्या घाटमाथ्यावरच्या नमुन्यांवरून त्याचं वर्णन केलं. पुढं कितीतरी वर्षं तो साध्या घरउंदराचाच एक प्रकार म्हणून खपला. जनुकं तपासली गेली तेव्हा, म्हणजे अगदी या शतकात, तो वेगळी जात ठरला. ओल्या जंगलात, झाडांवर राहणारा हा प्राणी. साताऱ्याचं नाव लावतो आणि निम्म्या साताऱ्यात जगू शकत नाही, हे सांगायला मला दरवर्षी मजा येते. पोरांना येते की नाही, देव जाणे.

गोंदवल्याच्या पुढं गेल्यावर रस्त्याच्या उजव्या अंगाला एकदम हिरवा पट्टा सुरू झाला. ऊस. मध्येच मका, मध्येच डाळिंबाची बाग. त्याला लागून पाट. डाव्या अंगाला तोच जुना माळ, कुसळानं पिवळा पडलेला. रस्त्याच्या एका बाजूला एक हवामान आणि दुसऱ्या बाजूला दुसरं. उरमोडी धरणाचं पाणी उपसून इकडं आणलंय, त्याची ही करामत.

वाडा धाब्याचा होता. समोरचा सोपा शाबूत, मागच्या खोल्या बसलेल्या. मालक पुण्याला, राखण शेजारचे आबा करतात. त्यांनी थेट बळदाकडं बोट दाखवलं. बळद माहीत नसेल त्यांच्यासाठी: जाड भिंतीच्या पोटात धान्य साठवायला ठेवलेली पोकळी. वरच्या तोंडातून ज्वारी ओतायची, लागेल तशी खालच्या भोकातून काढायची. वाड्यातली ज्वारी कधीच संपली होती आणि त्या वरच्या तोंडाशी पांढरीशुभ्र विष्ठा ओघळून वाळली होती. मामांनी शिडी लावली, दोन पायऱ्या चढले आणि आतून जोरात फुसकारल्याचा आवाज आला. मामा एका उडीत खाली.

"साप हाय मॅडम!"

साप नव्हता. गव्हाणी घुबडाची पिल्लं अशीच फुसकारतात. मी वर जाऊन डोकावले तर अंधारात तीन पांढरे, हृदयाच्या आकाराचे चेहरे एका रांगेत डुलत होते. आई कुठल्यातरी तुळईवर असणार. पिल्लांना खाऊ घालायचं म्हणून तर रात्रभर ये-जा, आणि म्हणून ते किंचाळणं. पिल्लं उडायला लागली की आवाज आपोआप थांबेल, हे मी आबांना सांगितलं. घुबडाला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, तेही सांगितलं. कायद्यापेक्षा पहिली गोष्ट त्यांना जास्त पटली.

मग आम्ही ज्याच्यासाठी आलो होतो तिकडं वळलो. घुबड उंदीर चावून खात नाही, सबंध गिळतं. मांस पचतं. केस, हाडं, दात पोटात गोळा होतात आणि त्याचा एक घट्ट गोळा घुबड ओकून टाकतं. ताजा असेल तर काळा, चकचकीत. पोरं त्याला पेलेट म्हणतात. गव्हाणी घुबडाच्या पोटातलं आम्ल तसं सौम्य, त्यामुळं आतल्या कवट्या पुष्कळदा अखंड मिळतात. ना पिंजरा, ना कॅमेरा. आसपासच्या लहान सस्तन प्राण्यांची हजेरी घुबड स्वतःच मांडून ठेवतं. बळदाखाली असा चांगला टोपलीभर ढीग होता.

आम्ही तो गोळा करत असताना आबा म्हणाले, "असला कचरा मागं बी हाय की. आदुगर ते मागच्या खोलीतच बसायचं."

मागची खोली म्हणजे ढिगारा होता. पण एक कोपरा तुळईच्या आडोशानं वाचला होता आणि तिथं मातीखाली जुन्या गोळ्यांचा थर सापडला. केस कसरीनं खाऊन टाकलेले, नुसती हाडं आणि भुगा. मी आबांना विचारलं, ही खोली कधी बसली? त्यांनी सन सांगितला नाही. खेड्यात कुणी सांगत नाही. म्हणाले, "त्या अवकाळीत बसली. आन् पुढच्या सालाला पाट आला."

मी हातातला ब्रश खाली ठेवला. मागचा ढीग पाणी यायच्या आधीचा. पुढचा ढीग पाणी आल्यानंतरचा. घुबड तेच असणार नाही, त्यांचं आयुष्य तेवढं नसतं. पण वाडा तोच, भोवतालचं रान तेच. असा योग ठरवून जुळवायचा म्हटला तर एखाद्या पीएचडीचा काळ जातो.

दोन्ही ढीग वेगळ्या पिशव्यांत भरून आम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेच्या व्हरांड्यात बसलो. शाळा सुटलेली, पण पोरं कुठली जातायत? मास्क लावलेल्या आम्हाला बघायला अर्धं गाव जमलं. पांढऱ्या थाळ्या, चिमटे, दाभणं, दहा पट दाखवणारी भिंगं. आधी जुना ढीग घेतला.

पहिलीच चांगली कवटी जर्बिलची निघाली. भारतीय जर्बिल, टाटेरा इंडिका. माळावर राहणारा, पिवळसर तपकिरी पाठीचा, पांढऱ्या पोटाचा, शेपटीच्या टोकाला काळा झुपका असलेला उंदीर. कवटीत त्याची ओळख दोन ठिकाणी पटते. वरच्या पुढच्या प्रत्येक दातावर उभी खाच असते. मी एका मुलीच्या हातात टाचणी दिली आणि टोक दातावरून आडवं फिरवायला सांगितलं. टोक मधोमध अडलं. "अडतंय मॅडम," ती म्हणाली आणि मग ती थाळी हातोहात व्हरांडाभर फिरली. प्रत्येकाला ते अडणं स्वतः बघायचं होतं. सरपंचांनीही बघितलं. तशी खाच झुडपी उंदराच्या दातालाही असते, म्हणून तेवढ्यावर नाव लिहायचं नाही. दुसरी खूण मागच्या बाजूला, कानाशी. तिथं दोन फुगीर, पोकळ हाडं असतात, पातळ इतकी की बोटानं दाबली तर चुरा. जर्बिलमध्ये ती कवटीच्या मानानं चांगलीच मोठी. उघड्या माळावर लपायला जागा नसते. घुबडाच्या पंखांची झुळूक किंवा सापाची सरपट ऐकू आली पाहिजे, ती हलक्या, खोल आवाजाची असते, आणि ती पकडायला मोठी पोकळी उपयोगी पडते. ज्याची कवटी आमच्या थाळीत होती त्याला त्या रात्री ऐकू आलं नव्हतं, हा भाग वेगळा.

जुन्या ढिगात जर्बिल पुष्कळ. मऊ केसांचा उंदीर त्याच्या खालोखाल. शेतातल्या लहानग्या उंदरांच्या नाजूक कवट्या, चिचुंद्र्यांचे टोकदार दातांचे जबडे, एक वटवाघळाची कवटी. घूस नाही.

मग नवा ढीग फोडला. पहिल्या गोळ्यातून निघालेला जबडा बघून मामाच म्हणाले, "हे वेगळं दिसतंय." दणकट हाड, रुंद, नारिंगी रंगाचे पुढचे दात, खाच नाही. छोटी घूस. बॅंडिकोटा बेंगालेन्सिस. दुसऱ्या गोळ्यात तीच. तिसऱ्यात चिचुंद्री. मग पुन्हा घूस. बहुतेक पिल्लं आणि अर्धवट वाढलेल्या, कारण पूर्ण वाढलेली घूस गव्हाणी घुबडाला उचलायला जड जाते. जर्बिल मिळाला, नाही असं नाही, पण शोधावा लागला. मऊ केसांचा उंदीर टिकून होता. त्याला शेत चालतं, थोडी ओलही चालते.

व्हरांड्यात सगळे गप्प होते. कळलं म्हणून की कंटाळले म्हणून, सांगता येत नाही. सरपंच मात्र हुशार माणूस. म्हणाले, "म्हंजे पाण्यासंगं घुशी आल्या."

हो. जर्बिलला पाणी प्यावं लागत नाही असं म्हटलं तरी चालेल. तो बी खातो. शंभर ग्रॅम पिष्ट पदार्थ शरीरात जळला की सुमारे ५५ ग्रॅम पाणी तयार होतं. आपल्याही शरीरात होतं, पण आपण ते घामात आणि लघवीत घालवतो. माळावरचा उंदीर घालवत नाही. त्याची मूत्रपिंडं लघवी इतकी घट्ट करतात की पाण्याचा थेंब वाया जात नाही. दिवसा तो बिळाचं तोंड मातीनं बुजवून आत राहतो, श्वासातली वाफ बिळातच अडते. वैशाखात बाहेर चाळीस अंशाच्या वर पारा असतो, तेव्हा दीड हात खाली त्याचं बरं चाललेलं असतं. छोट्या घुशीचं याच्या उलट. तिला ओल हवी, भुसभुशीत माती हवी, हिरवं खाणं हवं. सोय झाली की ती वर्षभर विणीला असते. कोरड्या मुरमात तिला बीळ खणणंच परवडत नाही. म्हणजे माण तालुक्याचं कुलूप तिच्यासाठी पावसानं घातलेलं होतं. ते पंपानं उघडलं.

तिथून आम्ही एका शेतकऱ्याच्या उसात गेलो. पाटाच्या कडेचा बांध घुशींनी पोखरलेला, प्रत्येक बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढीग. बुडख्यापाशी कुरतडलेले ऊस आडवे पडलेले. "पयलं पाणी नव्हतं म्हणून रडलो," तो म्हणाला, "आता पाणी झिरपतंय म्हणून रडतोय." बांधातून खरोखर पाणी पाझरत होतं.

हे फक्त आपल्याकडं घडतं असं नाही. राजस्थानात इंदिरा गांधी कालव्याचं पाणी वाळवंटात शिरल्यावर तिथला दिवसा हिंडणारा वाळवंटी जर्ड नावाचा उंदीर ओलिताच्या शेतांतून हटला आणि ओल मानवणारे उंदीर आले. जोधपूरच्या रुक्ष क्षेत्र संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी ते बारकाईनं नोंदवलंय. अमेरिकेत ॲरिझोनातल्या पोर्टल गावाजवळ जेम्स ब्राउन यांनी १९७७ मध्ये वाळवंटाचे तुकडे कुंपणानं आखले आणि उंदीर मोजायला सुरुवात केली. ती मोजणी पुढंही चालू राहिली. तिथं कालवा नव्हता. हिवाळ्यातला पाऊस मात्र काही वर्षं वाढला, झुडपं सुमारे तिप्पट झाली आणि उघड्यावर राहणारा मोठा कांगारू उंदीर त्या जागेवरून नाहीसा झाला. पाऊस वाढला म्हणून कोरड्या प्रदेशातला प्राणी गेला! वर्गात हे सांगितलं की पोरांना वाटतं मी उलट बोलले. पाऊस जास्त म्हणजे खाणं जास्त, खाणं जास्त म्हणजे प्राणी जास्त, हे गणित सगळ्यांच्या डोक्यात पक्कं असतं. अगदी रखरखीत वाळवंटापासून सुरुवात केली तर ते काही अंतर खरंही ठरतं. पण इस्रायलमधल्या उंदरांवरचा १९८४ चा एक अभ्यास आहे. त्यात पाऊस वाढत गेला तशा जाती आधी वाढल्या आणि एका टप्प्यानंतर कमी होऊ लागल्या. कारणांवर वाद आहेत. मला स्वतःला वाटतं ते साधं आहे: कोरड्या जागी जमीन उघडी असते, थोडी वाळू, थोडा मुरूम, थोडं गवत, एखादं झुडूप असे तुकडे असतात, आणि प्रत्येक तुकड्यात एकेकाची सोय असते. हिरवळ वाढली की सगळं एकसारखं होतं, आणि जो सगळीकडं असतो तोच इथंही येतो.

दोन ढिगांवरून एवढं बोलायचं का? नाही बोलायचं. घुबड आवडीचं, आकाराला जमेल ते आणि सोपं मिळेल ते उचलतं. पाटाकडची घूस सोपी मिळत असेल म्हणून ते माळावर जातच नसेल. जुन्या ढिगातली नाजूक हाडं विरून गेली असतील, त्यानं हिशेब बदलतो. म्हणून मी संध्याकाळी गायरानावर जायचं ठरवलं होतं. जर्बिल खरंच गेलेत की फक्त घुबडाच्या वाटेतून गेलेत, हे तिथं कळलं असतं.

गायरान गावाच्या वरच्या अंगाला. कुसळ, पवन्या, मधूनच तरवडाची जाळी. मेंढरं परतत होती. मागून एक म्हातारे धनगर नाना, खांद्यावर घोंगडं. आमचं सामान बघून त्यांनी विचारलं, काय मोजताय? उंदीर म्हटल्यावर हसले. मग ज्या दगडाच्या चळतीपाशी आम्ही उभे होतो तिथं काठीनं दाखवलं: मुरमात चार-पाच भोकं, एकाचं तोंड ताज्या मातीनं बंद. "ह्यो हितलाच. पांढऱ्या पोटाचा. दिवसाला दार लावून घेतोय."

म्हणजे जर्बिल गेलेला नव्हता. वर सरकला होता, पाट पोचत नाही तिथवर.

नाना बोलायला लागले आणि आम्ही उंदीर विसरलो. त्यांच्या पोरवयात लांडगे मेंढरामागं असायचेच. वर्षाला दोन-चार कोकरं त्यांची, हे धरलेलं असायचं. शिव्या घालायच्या, कुत्री सोडायची, पण "लांडगा न्हाई असा माळ नसतोय" असं त्यांनी दोनदा सांगितलं. खोकडाची बिळं याच गायरानावर होती. आता खोकड कधीमधी. लांडगा ऐकायलाही येत नाही. "त्याच्या जागी बिबट्या आलाय. उसात. वाड्यावरची दोन कुत्री नेली. आमच्या बापानं बिबट्या बघितला नव्हता."

त्यांच्या बापानं माणात ऊसही बघितला नव्हता. बिबट्याला उंच पिकाचा आडोसा लागतो, तो आता वर्षभर मिळतो. खायला कुत्री, डुकरं आहेत. कोल्ह्याला आणि रानमांजराला ऊस मानवतो. रानडुकराला तर मेजवानीच. लांडगा आणि खोकड मोकळ्या रानाचे, त्यांचं रान रोज बांधाबांधानं कमी होतंय. तालुक्यातल्या सस्तन प्राण्यांची यादी पाण्याआधी आणि पाण्यानंतर केली तर आकडा फारसा हलणार नाही, वाढलेलाही दिसेल. बिबट्या आला म्हणजे एक वाढलाच ना? अहवालात "जैवविविधतेत वाढ" असं लिहून कुणी मोकळाही होईल. पण बिबट्या, घूस, रानडुक्कर हे साताऱ्यात आहेत, सांगलीत आहेत, कोकणात आहेत. माळाचा लांडगा, खोकड आणि जर्बिल यांना माळाशिवाय दुसरीकडं जागा नाही. एकास एक फिटवली तरी हा सौदा सारखा नाही.

हे नानांपुढं बोलले नाही. माणच्या माणसापुढं पाण्याविरुद्ध बोलायची माझी हिंमत नाही आणि तसं मला वाटतही नाही. ज्याला पाणी खटकतं त्यानं म्हसवडच्या बाजूला एक उन्हाळा टँकरच्या रांगेत काढावा. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेली माणसं अजून गावात आहेत. पाटाला माझा विरोध नाही. पाट जिथवर पोचतो तिथवर पोचावा. वर जे उरतं ते निरुपयोगी आहे असं समजून त्यात झाडं रोवू नयेत, एवढंच माझं म्हणणं.

अंधार पडल्यावर बॅटरी मारली तर दोन जर्बिल दिसले. एक उभा राहून बघत होता, पुढचे पाय छातीशी. दुसरा उड्या मारत गेला, शेपटीचा झुपका वर. पोरांनी फोटो काढले, सगळे हलले.

परत गावात आलो तेव्हा मारुतीच्या पारावर बैठक बसलेली होती. घुबडाचं काय ठरलं? मी सांगितलं, एक जोडी आणि तिची पिल्लं मिळून विणीच्या दिवसांत रात्रीत कितीतरी उंदीर-घुशी उचलतात. ते हाकललंत तर घुशींना रान मोकळं. आमच्यातल्या एकानं मोठ्या उत्साहानं सांगितलं की घुबड लक्ष्मीचं वाहन असतं. मागून एक म्हातारी म्हणाली, "मग लक्ष्मीच्या आदी घुशीच कशा आल्या रं?" त्याच्याकडं उत्तर नव्हतं, माझ्याकडंही नव्हतं. पण लोक हसले आणि दगडं मारायचा विषय मागं पडला.

औषधाबद्दल मी स्पष्ट बोलले. ब्रोमॅडिओलोनसारखं औषध घुशीला लगेच मारत नाही, दिवस लावतं. त्या काळात सुस्त झालेली घूस घुबडाला आयती मिळते आणि ते विष त्याच्या अंगात जातं. बांध रुंद आहेत ते बारीक करा, बांधावरचं गवत काढा, पाझर बंद करा, बिळं उकरा, उसात इंग्रजी टी आकाराचे पक्षीथांबे रोवा. आणि हे सगळ्यांनी एकाच आठवड्यात करा, नाहीतर घूस या शेतातून त्या शेतात जाईल. शेवटच्या अटीवर पारावर बराच वेळ वाद चालला. एका भावकीचं दुसऱ्या भावकीशी पाण्याच्या पाळीवरून वाकडं होतं.

निघताना सरपंचांनी हळूच विषय काढला. गायरानावर झाडं लावायचा प्रस्ताव ग्रामसभेपुढं होता, रोपं मिळणार होती. त्यांना माझं पत्र हवं होतं, कॉलेजच्या लेटरहेडवर, की वृक्षारोपणानं वन्यजीव वाढतील. मी म्हटलं, पत्र देते, पण वेगळं. ओढ्याच्या काठानं, जिथं माती आहे आणि पूर्वीही झाडं होती, तिथं लिंब, करंज लावा. वरचा उघडा माळ गवताला राहू द्या, चराईची पाळी ठरवा. ते म्हणाले, "गवतासाठी कोण निधी देतंय का मॅडम?" प्रश्न रास्त होता.

पत्र पाठवलं. कवट्या कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा तपासल्या, दाढांची मोजमापं घेतली, डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या. पुढच्या वर्षी त्याच बळदाखालचा ढीग पुन्हा आणायचा आहे, आणि पाट न पोचलेल्या एखाद्या गावात दुसरं घुबड शोधायचं आहे, त्याशिवाय तुलनेला अर्थ नाही. पावसाळ्यात सरपंचांना फोन केला. पिल्लं उडून गेली होती, आवाज थांबला होता. घुशी होत्या. ओढ्याकाठी झाडं लागली. वरच्या माळावर खड्डे पडले नाहीत. मला वाटलं पत्राचा गुण. सरपंच म्हणाले, "पत्राचं नव्हं मॅडम, खाली मुरूम लागला, जेसीबीवाल्यानं दुप्पट भाडं मागितलं."